सायकलच्या हवेच्या टायरचा शोध खरोखर डनलॉपने लावला का? सुरुवातीला त्याचे कोणते प्रकार होते?

सायकलपुरते विचारत असाल, तर श्रेय डनलॉपचेच. मूळ कल्पना मात्र त्याच्या चाळीसेक वर्षे आधीची आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि रबर लावलेल्या कापडी नळीवर चामड्याचे वेष्टण चढवून तशी चाके लंडनमध्ये घोडागाडीला लावून दाखवली. पेडलची सायकल तेव्हा प्रचारात नव्हती, आणि ती कल्पना मागे पडली.

बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवले. मे १८८९ मध्ये विली ह्यूमने या टायरांवर बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराच्या टायरांचे दिवस भरले. पेटंट मात्र थॉमसनच्या आधीच्या पेटंटमुळे पुढे टिकले नाही.

माझ्या मते खरा कठीण प्रश्न हवा भरण्याचा नव्हता. टायर रिमवर घट्ट बसावा आणि पंक्चर झाल्यावर सहज निघावा, हा होता. डनलॉपचा टायर कापड आणि सोल्यूशनने रिमला पक्का चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायचे म्हणजे तो सोलून काढायचा, पुन्हा चिकटवायचा आणि वाळेपर्यंत थांबायचे. यावर १८९० मध्ये दोन उपाय निघाले. बार्टलेटच्या ‘क्लिंचर’ टायरची जाड कड रिमच्या आत वळलेल्या काठात अडके आणि हवेच्या दाबाने तेथेच दबून राही. चार्ल्स वेल्चने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली; तारेचा घेर रिमच्या काठापेक्षा लहान असल्याने टायर आपोआप निसटत नाही, पण एका बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की समोरची बाजू काठावरून ओढून काढता येते. आपल्या रोजच्या सायकलींचे टायर आजही याच तत्त्वावर बसतात. डनलॉप कंपनीने दोन्ही पेटंटे विकत घेतली, यातच त्यांचे मोल दिसते.

फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये आपला सुटा होणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने त्यावर सुमारे १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. अमेरिकेत काही काळ ट्यूब व टायर एकजीव असलेला नळीसारखा प्रकार लोकप्रिय होता. ट्यूब आत शिवून टाकलेला आणि रिमवर चिकटवायचा ‘ट्यूब्युलर’ वजनाला हलका असल्याने शर्यतींत दीर्घकाळ टिकला.