टोमॅटोच्या दोन डब्यांना तीन कांदे

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आलाय आणि रोज रात्री गँगस्टरचे सिनेमे लावतो. मला म्हणतो, "आई, बस ना." मला गोळीबार सोसत नाही. यातले खरंच बघावेत असे कोणते? कुठून सुरुवात करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आपणहून शेजारी बस म्हणतोय तर बसा. नोकरीला लागला की कुठला म्हणतोय!

डोंबिवलीत १४ वर्षं माझी व्हिडिओ लायब्ररी होती. 'रिवाइंड करून द्या' अशी पाटी लावूनही कुणी करायचं नाही, त्यामुळे कोण कुठे कंटाळलं ते मला बरोबर कळायचं. 'द गॉडफादर' (१९७२) दोन कॅसेटींचा. पहिली हमखास लग्नातच अडकून यायची, दुसरी कोरी करकरीत. सुरुवातीची २५ मिनिटं लग्नच चालतं ना! "काका, मारामारी कुठाय?" असं वर मलाच विचारायचे. अहो, सगळं त्या मांडवातच आहे. बाहेर नाचगाणी, आत अंधाऱ्या खोलीत टोळीचा म्होरक्या, म्हणजे मार्लन ब्रँडो, मांजर कुरवाळत एकेकाचं गाऱ्हाणं ऐकतोय. कारण मुलीच्या लग्नादिवशी बापाने कुणाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. (आपल्याकडेही वधुपिता त्या दिवशी नाही म्हणत नाही. पण त्याची कारणं वेगळी.) पुढे बाहेर मुडदे पडत असताना टोळीतला जाडा क्लेमेन्झा म्होरक्याच्या धाकट्या मुलाला, मायकेलला, रस्सा शिकवतो. तेलावर लसूण, मग टोमॅटो, सॉसेज, जराशी वाइन, थोडी साखर. कधी वीस माणसांचं रांधायची वेळ आली तर यावं म्हणून!

तेव्हापासून मी हे सिनेमे स्वयंपाकघरातून बघतो. तुम्हीही तसेच बघा.

सुरुवात मात्र 'वास्तव'पासून (१९९९) करा. चाळ, बेकार पोरं, पावभाजीची गाडी. त्या गाडीवरच्या एका भांडणातून रघू खुनी होतो. एकदा तो घरी येऊन आईला गळ्यातली चेन दाखवतो, पन्नास तोळ्यांची. लहान पोराने बक्षीस दाखवावं तशी. त्या वेळी संजय दत्तकडे बघू नका, रीमा लागूंकडे बघा. वयाने त्या त्याच्याहून जेमतेम वर्षाने मोठ्या, पण बघताना ते मनातही येत नाही. शेवट सांगत नाही.

मग 'सत्या' (१९९८). मुलाला भिकू म्हात्रेचे संवाद पाठ असतीलच, सगळ्यांना असतात. मनोज वाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तुम्ही त्याची बायको बघा, प्यारी. शेफाली शाहने केलीय. बाहेर मुंबईचा राजा म्हणवणारा हा घरात बायकोच्या शिव्या खातो, आणि भांडण कधी मिटलं हे दोघांनाही कळत नाही. असं जोडपं मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलंय. नवरा फक्त रेल्वेत होता.

ही पोरं आली कुठून, असं मुलाने विचारलं तर 'लालबाग परळ' (२०१०) लावा. १९८२ चा गिरणी संप आणि त्यात चूल विझलेलं एक घर. जरा भडक आहे, तरी बघा.

'गॉडफादर' त्यानंतर, एखाद्या रविवारी दुपारी. पावणेतीन तासांच्या वर आहे.

आणि सगळ्यात शेवटी 'गुडफेलाज' (१९९०). माझा सर्वांत आवडता. तुरुंगात बसून हे दादा लोक दाढीच्या ब्लेडने लसूण कापतात, इतका पातळ की तेलात विरघळावा. आणि वाद कशावरून? टोमॅटोच्या दोन डब्यांना तीन कांदे कशाला, यावरून. शेवटी नायक हेन्रीच्या डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, घरात अमली पदार्थ, आणि हा भावाला बजावतोय, सॉस ढवळत राहा. एक म्हातारी आई आहे, मध्यरात्री आलेल्या पोरांना जेवू घालणारी. गाडीच्या डिकीत काय आहे ते तिला माहीत नाही. ती दिग्दर्शक स्कोर्सेसीची खरीखुरी आई.

शिव्या भरपूर आहेत, मुलासमोर अवघडायला होईल. आणि त्या डिकीचा प्रकार अगदी सुरुवातीलाच येतो. तेवढ्यात चहा टाकून या.