शंका-समाधान : पाणबुडी मोटर वारंवार का जळते?

प्रश्न : बोअरवर 5 एचपीची थ्री फेज पाणबुडी मोटर आहे. दोन वर्षांत तीनदा रिवाइंडिंग झाले. लाइट रात्री येते म्हणून ऑटो स्विच लावला आहे. स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा, तेव्हा वायरमनने रिलेचा आकडा (किती करंटला स्टार्टरने मोटर बंद करावी तो) वाढवून दिला. आता कंपनी बदलावी का?
– एक शेतकरी, ता. बार्शी

उत्तर : कंपनी बदलून काही होणार नाही, आधी रिले खाली आणा. स्टार्टर ट्रिप होत होता तो मोटर वाचवण्यासाठीच.

मोटरच्या प्लेटवर फुल लोड करंट लिहिलेला असतो. तुमच्या मोटरवर तो 11 अँपिअर आहे असे धरू. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांतला करंट साधारण पावणेदोन पट, म्हणजे 19 अँपिअरपर्यंत जातो आणि त्या तारांमधली उष्णता तिपटीने वाढते. रिले 11 वर असेल तर तो दोन-एक मिनिटांत सुटून मोटर बंद करतो. 18 वर नेऊन ठेवला तर बराच वेळ तग धरतो, आणि तेवढ्यात वाइंडिंग जळून जाते. पाण्याने भरलेल्या मोटरच्या तारेवर बहुधा पीव्हीसीचे आवरण असते. ते 70 अंशांपुढे मऊ पडू लागते, म्हणून ही मोटर जमिनीवरच्या मोटरइतकी सोशिक नसते.

क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांचा चालू करंट मोजा. रिले त्या आकड्याच्या जरा वर लावा, पण प्लेटच्या पुढे कधीही नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) बसवला आहे की बायपास केला आहे, तेही उघडून पाहा. बहुतेक जळक्या मोटरींच्या पेटीत त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडलेल्या सापडतात! दोन फेजांवर कंडेन्सर लावून मोटर ओढण्याची सवय असेल तर तीही सोडा.

ऑटो स्विचचा त्रास वेगळा. लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसते आणि मोटर नुसती घुमत राहते. टायमरवाला ऑटो स्विच घ्या आणि शेजाऱ्यांशी बोलून कुणी एक, कुणी तीन, कुणी पाच मिनिटे उशीर लावा. मोटर चालू असताना व्होल्टमीटर 350 च्या खाली दाखवत असेल तर ती बंद ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट. बोअरचे पाणी तुटले की करंट वाढत नाही, उलट कमी होतो. 10 वरचा काटा 6-7 वर येऊन थरथरतो आणि पाइपमधून पाणी हवेसकट फसफसत येते. हे ओव्हरलोड रिलेला कळत नाही, त्यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लागतो. या मोटरचे बुश आणि थ्रस्ट बेअरिंग पाण्यावरच चालतात, पाणी गेले की ते घासून खलास. उन्हाळ्यात बोअर कमी देत असेल तर वरचा व्हॉल्व्ह थोडा दाबून पाणी बोअरच्या आवकीइतके करा.

प्रश्न : नवी मोटर सोडताना काय पाहावे?
– एक वाचक, ता. सिन्नर

उत्तर : मोटर उभी करून दोन्ही बुच काढा आणि गाळलेले, पिण्याजोगे पाणी भरा. हलवत राहा, बुडबुडे थांबले की अर्धा तास ठेवून पुन्हा काठोकाठ भरा. बाहेर 'जरा फिरवून बघू' म्हणून कोरडी चालवू नका. केबलचे तिन्ही जोड एकाच पातळीवर न घेता वर-खाली घ्या, आधी रबर टेप आणि त्यावर पीव्हीसी टेप. जोड बादलीत बुडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. 1 मेगओहमच्या खाली आले तर खाली सोडू नका. वजन पाइप आणि दोरावर असावे, केबलवर नाही. मोटर तळापासून किमान 3 मीटर वर ठेवा, नाहीतर गाळात रुतून तापते. पाणी कमी आले तर कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल करून पाहा. जास्त पाणी येते ती दिशा बरोबर.

प्रश्न : विहिरीत हात घातला की मुंग्या येतात. मोटर मात्र व्यवस्थित चालते. सुट्टीत मुले पोहतात.
– एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर : मोटर आत्ताच बंद करा आणि मुलांना विहिरीकडे फिरकू देऊ नका. केबलचा जोड किंवा वाइंडिंग पाण्यात करंट सोडते आहे. माणूस दगावायला जेवढा करंट पुरतो तेवढ्याने फ्यूज उडत नाही, म्हणून मोटर 'व्यवस्थित' चालते. नुसते स्टार्टरचे बटण दाबून थांबू नका. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. मग स्टार्टरमधून मोटरच्या वायरी सोडवून प्रत्येकीचे मेगर अर्थशी घ्या आणि मोटर वर काढून जोड तपासा.

पूर्वी लोखंडी पाइपमुळे मोटरच्या अंगाला थोडेफार अर्थिंग मिळायचे, एचडीपीईच्या (प्लॅस्टिकच्या) पाइपात तेही नाही. मोटरपर्यंत वेगळी हिरवी वायर न्या, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा. तो सुटू लागला तर बायपास न करता गळती शोधा. दुरुस्तीनंतरही मोटर चालू असताना कुणी पाण्यात उतरायचे नाही. कुणाला झटका बसलाच तर आधी मेन पाडा, मगच दोर टाका. मागोमाग उडी मारणाराही सापडतो.