काय मोजायचे हे ठरवणे, हेही संशोधनच

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या पदवीची इंटर्नशिप करत असून सध्या डायलिसिस विभागात आहे. किडनी प्रत्यारोपणाआधी रुग्णांना व्यायाम देण्याच्या विषयात संशोधन करावे, असे मनात आहे. आमच्या प्राध्यापकांनी मात्र ‘आधी काय मोजायचे यावर एकमत कसे करतात, ते शिक’ असे सांगितले. नुसते ठरवण्यात कसले आले करिअर, असे वडील म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या प्राध्यापकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शस्त्रक्रियेआधी व्यायाम, आहार आणि मानसिक आधार देऊन रुग्णाला सक्षम करण्याच्या पद्धतीला प्रीहॅबिलिटेशन म्हणतात, हे तुम्ही जाणताच. परंतु एक अभ्यास सहा मिनिटांत चाललेले अंतर मोजतो, दुसरा हाताच्या पकडीची ताकद आणि तिसरा रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस. मग या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र कसे करायचे? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात, तयारी करून घेतलेल्यांपैकी अभ्यासकाळात प्रत्यारोपण झालेले रुग्ण अवघे ५ होते. त्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी दिसला, पण ५ जणांवरून धोरण ठरत नाही. एकेका केंद्राकडे रुग्ण थोडेच असणार, म्हणून निदान काही गोष्टी सर्वांनी सारख्याच मोजल्या पाहिजेत.

हे एकमत चार तज्ज्ञांच्या बैठकीत होत नाही. आधीच्या अभ्यासांत काय काय मोजले गेले याची यादी करतात, रुग्णांच्या मुलाखतींतून त्या यादीत भर घालतात आणि मग डेल्फी पद्धतीने रुग्ण, नातेवाईक, शल्यचिकित्सक, नेफ्रॉलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून प्रत्येक मुद्द्याला बहुधा १ ते ९ असे गुण घेतात; इतरांनी काय गुण दिले हे पाहून पुढच्या फेरीत आपले मत बदलण्याची मुभा प्रत्येकाला असते. मूत्रपिंडविकारांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘साँग’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी अशाच रीतीने सहा निष्पत्ती, म्हणजे प्रत्येक अभ्यासाने मोजायचे परिणाम, निवडल्या : प्रत्यारोपित किडनीचे आरोग्य, हृदयविकार, कर्करोग, संसर्ग, मृत्यू आणि दैनंदिन जीवनातील सहभाग. यांतील शेवटची निष्पत्ती मला फार मोलाची वाटते. कामावर परतणे, घरच्या कार्यात वावरणे, प्रवास करणे या गोष्टींना तिने मृत्यूच्या आकड्याशेजारी जागा मिळवून दिली.

मात्र ही यादी उचलून प्रीहॅबिलिटेशनला लावता येणार नाही आणि तुमच्यासाठी खरे काम इथेच आहे. आपल्या देशात बहुतेक किडन्या जिवंत दात्यांकडून, म्हणजे बहुधा घरच्याच माणसाकडून मिळतात. तिथे शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येते आणि तयारीचे आठवडे मोजता येतात. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत असलेल्या माणसाला ती तारीख ठाऊक नसते. त्याने नेटाने व्यायाम केला आणि किडनी मिळालीच नाही, तर शस्त्रक्रियेनंतरच्या निष्पत्तींत त्याची नोंद कुठेच होणार नाही. यादीवर टिकून राहण्याइतकी प्रकृती सांभाळणे, हीसुद्धा निष्पत्ती मानावी का? माझ्या मते मानावी. परंतु याचे उत्तर रुग्णांना विचारूनच ठरले पाहिजे.

वडिलांची काळजी मी हलकी मानत नाही. केवळ प्रीहॅबिलिटेशनच्या नावाने निघणाऱ्या जागांवर विसंबून राहू नका. पदव्युत्तर पदवीसाठी हृदय व श्वसन फिजिओथेरपी ही शाखा घ्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेतून चरितार्थ चालेल. सोबत जैवसांख्यिकी आणि गुणात्मक मुलाखतींचे प्रशिक्षण घ्या, कारण वैद्यकीय चाचण्यांचे संयोजन, सार्वजनिक आरोग्य आणि पुढे पीएचडी या तिन्ही वाटांवर ही कौशल्ये उपयोगी पडतात. प्रबंधासाठी संपूर्ण एकमत-प्रक्रिया अंगावर घेऊ नका, दोन वर्षांत ती झेपणार नाही. प्रतीक्षायादीतील काही मोजक्या रुग्णांच्या सखोल मुलाखती एवढाच विषय पुरेसा आहे. त्याआधी, काय मोजायचे हे ठरवणाऱ्या अभ्यासांची नोंद ठेवणाऱ्या ‘कॉमेट’ या उपक्रमाच्या खुल्या नोंदसंग्रहात याच विषयावर कोणाचे काम सुरू आहे का, ते पाहा, आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत घेऊ नका.

मंजुरी मिळाल्यावर मुलाखत डायलिसिसच्या अखेरच्या तासात ठेवू नका. तेव्हा रुग्ण थकलेला असतो आणि सुटकेची वाट पाहत असतो. ‘पायात त्राण नाही’, ‘गळून गेल्यासारखं होतं’, ‘कशात मन लागत नाही’ या तिन्ही तक्रारी इंग्रजी प्रश्नावलीत थकवा या एकाच रकान्यात जाऊन बसतील, पण व्यायामाने त्यांतली कोणती कमी होईल, हे वेगवेगळे पाहावे लागेल. म्हणून रुग्णाचे शब्द आधी मराठीत, जसेच्या तसे लिहून घ्या.