बाळाची फुप्फुसं तयार असतील ना?

"मॅडम, बाळाची फुप्फुसं तयार झालीत की नाही हे सोनोग्राफीत दिसतं ना? मग डॉक्टर खात्रीनं का सांगत नाहीत?" गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता लिहायलाच हवं.

वृंदा (नाव बदललं आहे) 34व्या आठवड्यात माझ्याकडे समुपदेशनाला आली. बाळाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) तिनं मागे लागून करून घेतला होता. मोबाइलवर रिपोर्टमधला एक आकडा मोठा करून म्हणाली, "हा चांगला की वाईट, एवढंच सांगा."

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं इन्शुलिन वाढतं आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारं सर्फॅक्टंट तयार व्हायला उशीर होऊ शकतो. डॉप्लरवरून अंदाज बांधता येतो, हमी मिळत नाही. पूर्वी गर्भजल काढून त्यातल्या लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध घटकांचं एकमेकांशी प्रमाण बघत; मधुमेही आयांच्या बाबतीत तेही कधीकधी दगा द्यायचं. हे सगळं तिला पटलं. पुढच्या भेटीत मात्र पुन्हा तोच आकडा.

मी विचारलं, "समज, फुप्फुसं तयार आहेत असं लिहून मिळालं. झोप लागेल?"

"दोन दिवस लागेल. मग हृदयाचं विचारीन."

"तेही मिळालं तर?"

ती रडायला लागली. "माझ्यामुळे काही होणार नाही, असं कुणीतरी सांगायला हवंय. सासूबाई म्हणाल्या, डोहाळजेवणाला जिलबी तूच मागून खाल्लीस."

तेव्हा मला उमगलं, ही सोनोग्राफीकडून स्वतःची निर्दोष सुटका मागतेय. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांची. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलचा हट्ट माणसाला जास्त पोखरतो, हे अशा वेळी अगदी समोर दिसतं. आणखी खोदल्यावर कळलं, ती रात्री जेवतच नव्हती.

मी तिला स्पष्ट सांगितलं: वारेतल्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, एका जिलबीनं हा आजार होत नाही. उपाशी राहू नकोस, आहार डॉक्टरांकडून ठरवून घे. उपाशीपोटी 95च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120च्या आत साखर ठेवणं, हे तुझं काम. बाळाला श्वासाचा त्रास झालाच तर दवाखान्यात सीपॅप (दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) आहे का, जन्मावेळी बालरोगतज्ज्ञ असतील का, हे आत्ताच विचार. तिनं विचारलं. सासूबाईंनाही मी एकदा बोलावून घेतलं.

39व्या आठवड्यात प्रसूती झाली. बाळाचा श्वास जोरात होता, म्हणून थोडे तास सीपॅप लागला. वृंदानं तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, "बाळाची साखर कधी तपासणार?" अशा बाळांची साखर जन्मानंतर उतरू शकते, हे तिच्या लक्षात होतं. मला फार बरं वाटलं.

साखर आटोक्यात आणि बाकी सगळं ठीक असेल, तर 39 आठवड्यांआधी प्रसूतीची घाई सहसा करत नाहीत. खूपच लवकर करावी लागलीच, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस साखर चढते. तेव्हा घाबरून जेवण तोडू नका. इन्शुलिन किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारा.