वाचक विचारतात: जादा दाबाच्या गॅसविहिरीत गन कशी उतरवायची?

प्रश्न: अंकलेश्वरकडच्या उथळ तेलविहिरींवर वायरलाइनने (केबलला टांगून) केसिंग गन, म्हणजे केसिंग या विहिरीच्या पोलादी नळीला आणि खडकाला स्फोटाने भोकं पाडणारं साधन, उतरवायची आम्हाला सवय. आता कृष्णा-गोदावरी खोऱ्यातली गॅसविहीर वाट्याला आली आहे. खोली 3,800 मीटर, थराचा दाब 9,000 पीएसआय, तापमान 150 अंश सेल्सिअस. इथेही आधी परफोरेशन (ही भोकं), मग ट्यूबिंग (उत्पादन वर आणणारी आतली नळी) केलं तर काय बिघडेल? (मकरपुरा, वडोदरा)

उत्तर: बरंच. 3,800 मीटर साध्या पाण्याचा दाब 5,400 पीएसआय भरतो. 9,000 तोलायला पाण्याच्या 1.67 पट घनतेचं ब्राइन (जड खारं पाणी) हवं, सुरक्षेसाठी वर 300 पीएसआय हाताशी ठेवले की 1.72. कॅल्शियम क्लोराइड 1.39 ला थांबतं, कॅल्शियम ब्रोमाइड 1.70 ला. पुढे झिंक ब्रोमाइड, म्हणजे लोखंड खाणारं आणि कातडी भाजणारं, नाहीतर सीझियम फॉर्मेट, ज्याचं बिल बघून साहेब उठून बसतील. एवढं करून भोक पडताक्षणी तेच ब्राइन थरात घुसतं, चार्जने (गनमधल्या स्फोटकाने) चिरडलेली खडकाची भुकटी भोकातच ठासली जाते आणि गॅस उघडा असताना तुम्ही ट्यूबिंग जोडत बसता.

म्हणून टीसीपी, म्हणजे गन ट्यूबिंगलाच जोडून उतरवणं. गन ट्यूबिंगच्या टोकाला, वर पॅकर, म्हणजे ट्यूबिंग आणि केसिंगमधली जागा बंद करणारा अडसर. पॅकर बसवा, मुखावर ख्रिसमस ट्री (व्हॉल्व्हचा संच) चढवा, दाबचाचणी घ्या, मगच गन फोडा. विहीर बंद असताना मुखावर साधारण साडेसात हजार पीएसआय येतील, तेव्हा ट्री निदान 10,000 ची. ट्यूबिंगचे जोड गॅस न सोडणारे प्रीमियमच घ्या, साधे आटे इथे नकोत.

ट्यूबिंगमध्ये 1.39 चं ब्राइन ठेवलं तर तळाशी 7,500, म्हणजे थराच्या दाबापेक्षा 1,500 कमी. हाच अंडरबॅलन्स. थराचा ओघच भुकटी बाहेर फेकतो. वाळू ठिसूळ असेल तर हा आकडा कमी करा, नाहीतर वाळू येऊन गन अडकते. गन फोडणाऱ्या, दाबाने चालणाऱ्या फायरिंग हेडला काही मिनिटांचा विलंब दिलेला असतो. तेवढ्यात वरून दिलेला दाब सोडून द्यायचा. चोक (प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) वेळेत उघडला नाही की गन ओव्हरबॅलन्समध्येच, म्हणजे आतला दाब थरापेक्षा जास्त असतानाच, फुटते आणि सगळा खटाटोप पाण्यात.

चार्जच्या बाबतीत घाई नको. वायरलाइनवर तासाभराच्या कामाला आरडीएक्स 170 अंशांपर्यंत चालतं, पण टीसीपीची गन खाली दिवसेंदिवस राहते आणि 100 तासांसाठी त्याची मर्यादा 115 च्या आसपास येते. एचएमएक्स या दुसऱ्या स्फोटकाची 149, म्हणजे तुमची विहीर अगदी काठावर. रिग दोन दिवस अडली तर काय, हा हिशेब आधी मांडा. एचएनएस हे तिसरं स्फोटक बिनधास्त टिकतं, फक्त खडकात कमी शिरतं. गन नंतर खाली सोडायची असेल तर रॅटहोल (भोकांच्या खालची विहिरीची खोली) तिच्या पूर्ण लांबीहून जास्त हवा. हे ड्रिलिंगवाल्यांना विहीर खोदतानाच सांगायचं असतं, नंतर सांगून उपयोग नाही.

प्रश्न: उत्पादन सुरू होताच ट्यूबिंग-केसिंगमधला दाब चढला. पॅकर गेला का? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: लगेच तसं धरू नका. बंद जागेतलं ब्राइन तापून फुगलं तरी दाब चढतो. अर्ध्या इंचाच्या नीडल व्हॉल्व्हने सावकाश सोडा आणि काय येतं ते बघा. नुसतं ब्राइन आलं, दाब शून्यावर आला आणि उत्पादनाचा दर तोच ठेवून 24 तासांत परत चढला नाही, तर उष्णतेचा खेळ. गॅस आला आणि दाब पुन्हा भरला, तर गळती पॅकर, ट्यूबिंगचे जोड किंवा हँगर (ट्यूबिंग वर टांगून धरणारा भाग) यांपैकी कुठेतरी आहे. अशा वेळी रोज दाब सोडत बसू नका. दर खेपेला ब्राइन जातं, त्याची जागा गॅस घेतो.