बीएस्सी प्राणीशास्त्र झालंय. पुण्यात कीटकशास्त्रात पीएचडी कशी करावी आणि किती वर्षं लागतात?

आधी एमएस्सी करा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी असेल तर थेट अर्जाची सोय नियमात आहे, पण कीटक ओळखायला डोळा तयार व्हायला ती दोन वर्षं लागतातच.

शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ सालचं, आता राहुरीच्या विद्यापीठाखाली. तिथे एमएस्सीला साधारणपणे बीएस्सी ॲग्रीच मागतात, म्हणून तो रस्ता सोडा. तुमचा रस्ता पुणे विद्यापीठाच्या प्राणीशास्त्र विभागातून जातो. डासांत रस असेल तर एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे बघा (तिथे गोचिडीही अभ्यासतात, आठ पायांची असली तरी). वर्गीकरणाची आवड असेल तर आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र एकदा बघून याच.

पीएचडीला नियमाने किमान तीन, कमाल सहा वर्षं. पण खरं वेळापत्रक किडा ठरवतो, आणि विषय निवडताना याचा विचार कुणी करत नाही. माझा विषय हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची जमिनीतली अळी. तिची वर्षाला एकच पिढी. वळवाचा चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर चढतात. ते थोडे दिवस हुकले की पुढचा पाऊस येईपर्यंत थांबा. तीन वर्षं म्हणजे तीन हंगाम, त्यातला एखादा पाऊसच बिघडवतो. मे संपत आला की आम्ही लग्नाची आमंत्रणंसुद्धा घेत नसू.

याउलट मक्यावरची लष्करी अळी उबेत महिन्याभरात पिढी पुरी करते. डेंग्यूचा डास तर अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. आकडेवारी भराभर जमते, पण रविवार विसरा. लष्करी अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळी डबी, रोज विष्ठा काढायची, खाद्य बदलायचं. दिवाळीतसुद्धा. शेतात उन्हात फिरायचं की डब्या धुवायच्या, हे आधी ठरवा. विद्यापीठाचं नाव नंतर.

पैशाचं स्पष्ट सांगतो: फेलोशिपशिवाय शिरू नका. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, पात्र असाल तर त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

गाइडकडे जागा आहे का ते आधी विचारा. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी एका वेळी घेता येतात, त्यामुळे नावाजलेल्यांकडे बहुधा रांग असते. सरांना भेटण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. प्रबंधाचा मसुदा सर किती दिवसांत वाचून परत देतात, एवढं विचारलंत तरी पुरे.