२०१६ च्या जुन्या गाडीला पुढे-मागे पार्किंग कॅमेरे बसवावेत का? खर्च किती, आणि पुढचा लागतोच का?

मागचा बसवा, डोळे झाकून. पुढच्याचं खाली सांगतो. पण दुकानातून गाडी बाहेर काढायच्या आधी एक गोष्ट तपासायची असते. ती मला कुणी सांगितली नाही आणि तिच्यापायी मी सासुरवाडीत कायमचा चेष्टेचा विषय झालोय.

सासुरवाडी वाईची. सासरे, म्हणजे अण्णा, एसटीत २८ वर्षं ड्रायव्हर. पसरणी घाट त्यांना तळहातासारखा पाठ. कॅमेरे बसवतोय असं फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कशाला? मान वळत नाही का?" मी ते मनाला लावून घेतलं.

गाडी २०१४ ची वॅगनआर, आत बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ. गणपतीच्या आठ दिवस आधी नाना पेठेतल्या एका दुकानात दोन्ही कॅमेरे टाकून घेतले. कॅमेऱ्यांचे २,२०० आणि मजुरी ८००. पोरानं काम सफाईनं केलं. मागचा नंबर प्लेटच्या दिव्याशेजारी, पुढचा जाळीत, वायर कार्पेटखालून, कुठं काही लोंबत नाही. रिव्हर्स टाकला, चित्र आलं, पैसे दिले, निघालो.

गौरी आवाहनाच्या दिवशी वाईला जाताना खेड शिवापूरच्या टोलला रांग होती. लेकीला दाखवायला म्हणून पुढच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ती म्हणाली, "बाबा, ट्रकवर सगळं उलटं लिहिलंय." मी म्हटलं, "अगं, कॅमेऱ्यात असंच दिसतं." तिसरीतल्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

अण्णांच्या बोळात गाडी रिव्हर्सच घालावी लागते. आत ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, एक दगडी डोण आहे, गुडघ्याएवढी. पूर्वी गुरांच्या पाण्याची, आता तिच्यातल्या पाण्यानं सगळे पाय धुतात. मागच्या काचेतून ती दिसत नाही आणि आरशात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दरवर्षी अण्णा मागे उभे राहून पत्र्यावर हात ठेवतात आणि "येऊ द्या, येऊ द्या" करतात. त्या वर्षी मी काच वर केली, एसी लावला आणि त्यांना हातानंच बाजूला व्हा म्हटलं. ओट्यावर अख्खी भावकी.

स्क्रीनवर डोण डावीकडे दिसत होती. ती उजवीकडे आहे हे मला लग्नापासून माहीत. पण समोर इतकं लख्ख चित्र, त्यावर लाल-पिवळ्या-हिरव्या रेघा, डोकं चित्राच्याच मागे गेलं. डोण डावीकडे आहे ना, मग गाडीचं बूड उजवीकडे न्या. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. तर डोण स्क्रीनच्या मधोमध सरकायला लागली, म्हणून घाबरून आणखी फिरवलं. पत्र्यावर दोन थापा ऐकू आल्या. (एसटीत दोन घंटा म्हणजे चला, म्हणून मी गेलो, असं नंतर सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.) मग कडकन आवाज. बंपर उजव्या कोपऱ्यात फाटला. डोणीला साधा ओरखडा नाही.

अण्णांनी काचेवर टकटक केलं. खाली केली. "जावईबापू, आता दिसली का कॅमेऱ्यात?"

भानगड काय होती ती ऐका, कारण तुमच्या बाबतीतही होऊ शकते. बाजारात पुढचा आणि मागचा म्हणून बहुतेक वेळा एकच कॅमेरा मिळतो. त्याच्या वायरीतून एक-दोन बारीक फासे बाहेर आलेले असतात. एक कातरला की चित्र डावं-उजवं फिरतं, दुसरा कातरला की रेघा जातात. मागच्याचं चित्र आरशासारखं लागतं, पुढच्याचं सरळ. दुकानातल्या पोरानं फासा बरोबर कातरला होता, फक्त कॅमेरे अदलाबदल करून बसवले. त्यामुळे टोलवरचा ट्रक उलटा आणि वाईची डोण डावीकडे.

तर तपासायचं असं: दुकानाच्या पाटीसमोर गाडी उभी करा. पुढच्या कॅमेऱ्यात पाटी सरळ वाचता आली पाहिजे. मग गाडी फिरवून पाठ पाटीकडे करा, रिव्हर्स टाका. आता तीच पाटी स्क्रीनवर आरशातल्यासारखी उलटी दिसली पाहिजे. तसं नसेल तर पैसे देऊ नका.

अण्णांचं मत मात्र तिथंच गोठलं. "यंत्रावर भरवसा ठेवला की असं होतं." दर गौरीला एकदा. मला त्यांना एवढंच म्हणायचंय, आणि तोंडावर म्हणता येत नाही म्हणून इथं लिहितो: अण्णा, तुम्ही एसटी रिव्हर्स घ्यायचात तेव्हा मागे कंडक्टर उतरून शिट्टी मारत उभा असायचा. २८ वर्षं तुमचा कॅमेरा खाकी घालून मागे उभा होता. मान वळवून बसच्या मागचं पोर दिसतं का? अमेरिकेत दोन वर्षांच्या मुलावर त्याच्याच वडिलांची गाडी रिव्हर्स घेताना गेली, त्यावरून २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथं नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेतल्या त्या बापालाही मान होतीच की.

बरं, पुढचा कॅमेरा. पार्किंगसाठी म्हणाल तर फारसा लागत नाही, हॅचबॅकचं नाक केवढंसं असतं. त्याचा खरा उपयोग बोळातून किंवा बेसमेंटच्या रॅम्पवरून बाहेर पडताना. आपण बसतो चार-पाच फूट मागे, त्यामुळे आपल्याला रस्ता दिसेपर्यंत बॉनेट रस्त्यावर गेलेलं असतं. जाळीतला रुंद कोनाचा कॅमेरा दोन्ही बाजूंनी येणारी दुचाकी आधी दाखवतो. तुमचं फाटक थेट रस्त्यावर उघडत असेल तरच बसवा, नाहीतर तेच पैसे मागच्या चार सेन्सरवर घाला. सेन्सर ओरडतो, कॅमेरा ओरडत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मागच्या कॅमेऱ्याचा करंट रिव्हर्सच्या दिव्यातून घेतात, म्हणजे गिअर टाकला की आपोआप चालू. पुढच्याला वेगळं बटण लागतं, आणि बऱ्याच स्टिरिओंना कॅमेऱ्याचं इनपुट एकच असतं, मग मध्ये स्विचर, म्हणजे या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर नेणारा डबा, टाकावा लागतो. डिकीच्या दारात जाणारी वायर रबरी नळीतूनच न्यायला सांगा, बाहेरून नेली तर दार उघडून-मिटून वर्षभरात तुटते. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून जोड देऊ नका, कपलरवालंच, म्हणजे न कापता खटकन जोडता येणारं, घ्या (तुमची नसणार, २०१६ ची म्हणालात). स्वस्तातल्या कॅमेऱ्याच्या रेघा स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत आणि लाल रेघ म्हणजे नेमकं किती अंतर हे कॅमेरा किती उंचीवर बसला त्यावर ठरतं. एकदा मागे बादली ठेवून स्वतः मोजा. पावसाळ्यात मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसतो, निघताना अंगठ्यानं पुसायचा.

आणि मागे कुणी थाप मारत असेल तर काच खाली ठेवा. हे अण्णांना कळवू नका.

तुमचा स्टिरिओ कंपनीचा आहे की बाहेरचा, ते लिहिलं नाहीत. मॉडेल कळवा, मग पुढच्या कॅमेऱ्याचा नेमका खर्च सांगता येईल.